दोन खिडक्यांचं सँडविच

लंडनमधल्या इल्फर्डच्या आमच्या भागात एक सँडविच मिळायचं. लांबट पाव, त्यात कांद्याबरोबर भाजलेलं बीफ, आणि वितळलेलं चीज मात्र वेगळं, पेल्यात. ते आपल्या हातानं ओतून घ्यायचं. चीज वेगळं का, असं विचारलं की प्रत्येक दुकानदार नवीन कारण सांगायचा. पाव मऊ पडतो म्हणून, चीज गार होतं म्हणून. एकानं तर मलाच तोंडावर सांगितलं की ही इथली शंभर वर्षांची पद्धत आहे.  शंभर वर्षं? अरे, ते सँडविच माझ्या तव्यावर झालं, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, आणि चीज वेगळं आहे ते माझ्या हट्टापायी.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. हे लिहिलेलं नातीनं एकदा वाचून काना-मात्रा नीट केल्या. मजकुराला तिला हात लावू दिलेला नाही.

आम्ही बेने इस्राएल, कोकणातून मुंबईत आलेले ज्यू. घरी मराठी, जेवण मराठी, पण आईचा एक नियम होता. मटणाला दूध लागू द्यायचं नाही, एका चुलीवरही नाही. रस्सा घट्ट करायचा तर नारळाचं दूध. गाईचं मांस आम्हाला वर्ज्य नव्हतं, तरी शेजाऱ्यांचं मन दुखायला नको म्हणून मुंबईला ते आमच्या घरात कधी शिजलं नाही. मी बोटीवर स्वयंपाकी म्हणून निघालो तेव्हा आईनं हात धरून एवढंच सांगितलं, ‘तुला शास्त्र कळत नाही, नाही तर नाही. हे एवढं सांभाळ.’ मी हो म्हटलं. पुढे बोट सुटली, इंग्लंड आलं, आमचे खाण्याचे नियम, कोशर-बिशर सगळं सुटलं, हे एवढं उरलं.

माझा भागीदार मुंबईचाच, हिंदू, दत्ताचा भक्त. मासे खायचा, कोंबडी खायचा. पण बीफ? ज्या कागदात ते बांधून यायचं त्या कागदालाही त्याचा हात लागायचा नाही. आम्ही दोघं एका कारखान्याच्या कँटीनमध्ये होतो. तो कारखाना बंद पडला आणि आम्ही कोपऱ्यावरचं एक छोटं दुकान मिळून घेतलं. कोपरा असल्यानं दोन रस्त्यांना दोन खिडक्या. पुढच्या खिडकीशी माझा लोखंडी तवा, टेबलाएवढा. बाजूच्या खिडकीशी त्याची शेगडी, त्यावर चहा, अंडी, बीन्स. मध्ये जमिनीवर त्यानं लाल टेप चिकटवली होती. माझं मांस तिकडे नाही, त्याचं दूध इकडे नाही. त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, दुकान बघायला आल्या तेव्हा टेपेकडे बोट दाखवून मला म्हणाल्या, ‘भावोजी, बीफ तुमच्या हातून चालतं, ते तुमचं तुम्ही बघा. यांच्या हातून नको.’

पहिल्याच आठवड्यात परांचीवर काम करणारा एक धिप्पाड गोरा आला. परांची म्हणजे बांधकामाच्या वेळी इमारतीला बांधतात ती पाइपांची. स्टेक रोल, म्हणजे पावात भाजलेलं बीफ, मागितला. मी भाजून दिला. म्हणाला, ‘वर चीज टाक.’

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ‘कशावर?’

‘स्टेकवर, मेट. त्याच तव्यावर.’

माझ्या हातातलं उलथनं खाली पडलं. मांसावर चीज! तेही माझ्याच तव्यावर! मी म्हटलं, ‘नाही मिळणार.’

‘का?’

‘मी घालणार नाही म्हणून.’

तो म्हणाला, ‘मेट, सँडविच मागतोय. लग्न नाही लावायचंय.’

माझा भागीदार तिकडून हसत ओरडला, ‘तू मांस दे, मी चीज देतो. काय लग्न लावायचं ते तो आपल्या हातानं लावेल!’

त्यानं चेडर किसून छोट्या भांड्यात टाकलं, चमचाभर मैदा, थोडं दूध, मोहरीची पेस्ट, आणि सवयीनं एक हिरवी मिरची चिरून. चांगलं वितळल्यावर चहाच्या पेल्यात ओतलं. तो गोरा माझ्याकडून पाव घेऊन, कोपरा वळून त्याच्या खिडकीशी गेला आणि भर पावसात उभा राहून ओतून खाल्लं. दुसऱ्या दिवशी चौघांना घेऊन आला. लोक त्या सँडविचला ‘टू विंडोज’ म्हणायला लागले.

माझी बाजू सांगतो, कारण तिचाही मला अभिमान आहे. मांस आधी गारठवून घ्यायचं, म्हणजे कागदासारखं पातळ कापता येतं. सुरीच्या पाठीनं ठेचायचं. कांदा तव्यावर आधी, काळा होईपर्यंत नाही, तपकिरी. मांसावर मीठ भाजल्यावर, आधी घातलं तर पाणी सुटतं. मिरी भरपूर. पाव उघडून त्याच चरबीत उपडा ठेवायचा. बास. दीड तासावरच्या मिल्टन कीन्सहून लोक गाडी काढून यायचे. मी स्वतः ते कधी चीज घालून चाखलेलं नाही. माझ्या भागीदारानं तर कसंच चाखलेलं नाही.

दहा-अकरा वर्षं अशी गेली. मग माझ्या पित्ताशयात खडे निघाले. डॉक्टर म्हणाले, पोट उघडावं लागेल, महिनाभर काम नाही. नेमका त्याच वेळी समोरच्या फुटपाथवर नवा कॅफे उघडला आणि त्यानं पाटी लावली, स्टेक ॲण्ड चीज. चीज पेल्यात! नक्कल करताना माणसानं आमचा हट्टही उचलला होता. त्याला ना मांसाचं वावडं ना दुधाचं, तरी पेल्यात! मी त्या पाटीपुढे उभाच राहिलो.

आता परिस्थिती अशी होती. माझ्याशिवाय आमचं स्टेक बंद. महिनाभर बंद राहिलं की गिऱ्हाईक रस्ता ओलांडणार आणि परत येणार नाही. आमचं दुकान त्या एका सँडविचवर उभं होतं. हे आम्हा दोघांनाही कळत होतं. बदली माणूस मी ठेवू देत नव्हतो, माझ्या तव्याला परका हात नको. हॉस्पिटलला जाण्याआधी मी त्याला म्हटलं, ‘स्टेकची पाटी उतरव.’

‘बरं,’ तो म्हणाला.

हॉस्पिटलमध्ये रोज यायचा. उकाडा असूनही पूर्ण बाह्यांचा शर्ट. मी विचारायचो, ‘काय चाललंय?’

‘चहा-टोस्ट चाललंय. तू झोप.’

घरी सोडल्यावर, तीन आठवड्यांनी, मला राहवेना. बायको बाजारात गेली तेव्हा पोट धरून बस पकडली आणि दुकानाच्या कोपऱ्यावर उतरलो. उतरताच वास आला. माझ्या तव्याचा वास मला कळणार नाही? वाटलं, समोरच्याचा असेल. वळून पाहिलं तर आमच्याच खिडकीपुढे रांग.

आत माझा भागीदार. बाह्या वर केलेल्या, हातभर तेलानं भाजल्याचे चट्टे. उलथन्यानं बीफ परतत होता. ज्यानं कधी कागदाला हात लावला नाही तो.

 रस्त्यापलीकडच्या बाकावर टेकलो आणि बघत राहिलो. त्यानं पाव गुंडाळून पुढच्या खिडकीतून दिला. मग बेसिनशी गेला, साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, लाल टेप ओलांडली, आणि बाजूच्या खिडकीतून चीजचा पेला दिला. गिऱ्हाईक कोपरा वळून तिथे पोचलेलं होतंच. पुन्हा इकडे. पुन्हा हात धुणं. पुन्हा तिकडे. मी तिथे बसून वीसेक गिऱ्हाइकं पाहिली. एकटा माणूस, बघणारं कोणी नाही, रांगेतले लोक ओरडतायत, आणि हा प्रत्येक सँडविचला धावत जाऊन चीज वेगळं देतोय.

रांग संपल्यावर आत गेलो. मला बघून तो दचकला. ‘अरे, टाके तुटतील! कोणी सोडलं तुला?’

मी म्हटलं, ‘हे काय केलंस?’

‘काय करू? समोर बघ ना.’

‘आणि एवढं केलंसच, तर ही धावपळ कशाला? चीज तव्यावरच टाकायचं होतं. मी थोडाच बघत होतो?’

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काही अचकट-विचकट बोललो. म्हणाला, ‘तुझा तवा आहे तो.’

 त्यानं मला खुर्ची दिली आणि पुढचं गिऱ्हाईक घेतलं.

त्या आठवड्यात त्यांच्या घरी जेवायला बोलावलं होतं. बस घराजवळ येईपर्यंत मी ठरवलं, वहिनींना काही कळू द्यायचं नाही. आयुष्यात कोणाशी खोटं बोललो नाही, याचा मला गर्व होता. तरी ठरवलं. भागीदार वरच्या खोलीत होता. वहिनी मला चहा देऊन समोर बसल्या.

‘भावोजी, तुम्ही नव्हता तेव्हा दुकान कसं चाललं असेल हो?’

‘टोस्टवर भागवलं त्यानं,’ मी म्हटलं. ‘स्टेक बंदच होतं.’

‘खोटं बोलता येत नाही तुम्हाला, कशाला बोलता? मला पहिल्याच दिवशी सांगितलंय यांनी.’

मी बशी खाली ठेवली. ‘आणि तुम्ही?’

‘मी काय? रडले आधी. मग म्हटलं, मागच्या दारानं यायचं, गार्डनच्या नळाखाली हात-पाय धुवायचे, कपडे तिथेच काढायचे, मग आंघोळ, मग देवापुढे. शेजारची म्हातारी रोज पडद्याआडून बघते. तिला वाटतं यांना वेड लागलंय.’ त्या हसल्या. मग हसू थांबलं. ‘एक विचारू? उलटं झालं असतं तर? हे आजारी पडले असते आणि चीजची खिडकी तुमच्यावर आली असती तर?’

मी पुष्कळ शोधलं. बरं वाटेल असं उत्तर होतं जवळ. पण एका संध्याकाळी दोनदा खोटं बोलणं मला जमेना.

‘मी खिडकी बंद केली असती, वहिनी.’

‘ते आम्हाला ठाऊक होतं,’ त्या म्हणाल्या. ‘यांना सुद्धा. चहा घ्या, गार होतोय.’

जिन्यावर त्याची पावलं वाजली. मी कप उचलला, पण वर बघायचं धाडस झालं नाही.