येसूबाईचं बोलावणं

येसूबाई नवी नवरी होऊन आली, त्याच महिन्यात भिंतीपलीकडचं भांडण तिच्या कानावर पडलं. एका बाजूला तिची सासू, दुसऱ्या बाजूला शेजारची बाळाबाई.

"रस्त्यावरनं हाक मारून बोलवाय मी काय तुझी म्हस हाय व्हय गं?" बाळाबाई कडाडत होती. "उंबऱ्याला ये, कुकू लाव, मग म्हन बारशाला चल!"

"ऐकू आलं न्हवं? मग झालं की."

"ऐकू कुत्र्याचं भुकणं बी येतं!"

त्यावरनं दोन्ही घरं अडीच वर्षं एकमेकांशी बोलली नाहीत.

सासूच्या माघारी गावची बोलावणी करायचं काम येसूबाईकडं आलं. बारसं असो, हळद असो, कुंकवाचा करंडा पदराखाली धरून ती तिन्ही आळ्या फिरायची. उंबऱ्यात उभी राहायची, कुंकू लावायची, एकेकीला नाव घेऊन बोलवायची. शाळा तिनं दुसरीपर्यंत पाहिलेली. पण कुठली सून रुसलीय, कुणाला कितवा महिना आहे, ते सगळं तिला पाठ. नवरा ज्योतिबा पलटणीतनं पेन्शनीत आलेला. ती करंडा घेऊन निघाली की म्हणायचा, "निघाली आमची ड्यूटी."

ही गोष्ट राजकारणातल्या माणसांना बरोबर ठाऊक. एकाहत्तरच्या दिल्लीच्या निवडणुकीत पक्षाचं काम बघणारे आप्पासो नारळ-सुपारी घेऊन तिच्या दारात आले होते. "काकू, बाप्ये सभंला येत्यात, इड्या फुकत्यात आन् जात्यात. बाईचं मत पक्कं. तेवढं हळदीकुंकू घडवा." मारुतीच्या देवळात पाय ठेवायला जागा उरली नाही. खण वाटले, चिन्हाचे कागद वाटले, उमेदवाराची बायको म्हाताऱ्यांच्या पाया पडली. त्यानंतर सहा वर्षं येसूबाई रस्त्यानं जरा मधोमध चालायची.

सत्याहत्तरला आप्पासो परत आले, ते तिच्या दारावरनं पुढं शालूबाईकडं गेले.

शालू तिशीची, सातवी पास, साखर कारखान्यात नोकरीला असलेल्या बाळासोची बायको. दात पांढरेशुभ्र. येसूबाईला त्या दातांचासुद्धा राग यायला लागला. दुसऱ्या दिवशी गावातनं जीप फिरली, वर कर्णा, पुढं शालू, हातात माईक. "माता-भगिनींनो, आज चार वाजता मारुतीच्या देवळात हळदीकुंकू आहे, सगळ्यांनी यायचं बरं का!"

"काय गोड बोलतीया!" ज्योतिबा म्हणाला.

"मग जावा की जीपच्या मागं पळत!"

त्या दुपारी तव्यावर टाकताना तिची भाकरी तीनदा मोडली. बायका त्या कर्ण्याच्या बोलावण्याला गेल्या, तर आपला करंडा फळीवर गेला तो कायमचा, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं. सूप घेऊन ती ओट्यावर जोंधळे निवडत बसली. डोळे सुपात, कान आळीत.

चार वाजले. साडेचार झाले. आळीत कुणाचं पाऊल वाजेना. समोरची बनुबाई ठेवणीतलं लुगडं नेसून दारात आली.

"आवं येसूकाकू, मी कवाधरनं नटून बसलीया. बोलवाय कवा येताय?"

"गाडीनं बोलवलं की."

"गाडी रस्त्यानं गेली. माझ्या दारात कुठं आली?"

येसूबाईनं मान आणखी खाली घातली, हसू दिसू नये म्हणून. तिन्ही आळ्यांत बायका नटूनथटून दाराकडं बघत बसल्या होत्या, आणि देवळात जाजम रिकामं पडलं होतं.

पाचाला आप्पासो घाम पुसत आले. "काकू, उमेदवाराची बायकू साताऱ्यावरनं येऊन बसलीया. गावाची अब्रू जाती."

"जीपला सांगा की कुकू लावाय."

"चुकलं काकू."

"चुकलं कशाचं? त्याल घाला आन् पुन्ना फिरवा."

त्यांच्या मागनं शालू आली. बोलून बोलून घसा बसलेला. "काकू, मला तरी कुणी बोलावलंय? मी पण तशीच जाऊन बसलीया."

हे ऐकून येसूबाईला आतनं इतकं गार वाटलं की तिची तिलाच लाज वाटली. ती उठली, करंडा घेतला आणि पहिलं कुंकू शालूला लावलं. जरा जोरानंच.

तासाभरात देऊळ भरलं. प्रत्येक उंबऱ्यावर येसूबाई सांगत होती, "शालूच्या हळदीकुंकवाला चला. बोलावणं माझं हाय." शालू बोलायला उभी राहिली आणि चांगलंच बोलली. बायका हसल्या, दोघीतिघींनी डोळे पुसले. खांबाला टेकून येसूबाई वाट बघत होती, एकदा तरी अडखळेल. शालू अडखळली नाही.

गावातली मतं कुणाला पडली ते पेटीलाच ठाऊक. येसूबाईनं शिक्का दुसऱ्याच चिन्हावर मारला, असा ज्योतिबाचा संशय. विचारलं की ती म्हणायची, "तुमाला काय करायचं?"

एकोणऐंशीच्या वैशाखात धोंडिरामच्या पोरीची हळद होती. येसूबाई दोन दिवस छातीत दुखतंय म्हणून पडून होती, आणि हळदीनंतरची सकाळ तिला दिसायची नव्हती. पण हळदीच्या दिवशी ती उठली, करंडा घेतला, निघाली. शालूचा ओटा चढताना दम लागला, तिनं जोत्याला हात टेकला.

"काकू, करंडा द्या इकडं. उरलेली घरं मी करते."

"तू भाषान कर," येसूबाई म्हणाली. शालूच्या कपाळाला कुंकू लावलं, धोंडिरामकडं हळदीला यायचं सांगितलं आणि खालच्या आळीला वळली. अजून अकरा घरं राहिली होती.