बारसं राहिलेला राक्षस

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी बी.ए.ला इंग्रजी घेतलं होतं. इंग्रजीचे सर राहुरीत राहत आणि रविवारी सकाळी आम्हा काही मुलांना घरच्या ओट्यावर शिकवत. फुकट शिकवत, हे मान्य. पण भर उन्हाळ्यातही कोट घालून शिकवत. कोट काढला की विषयाचं गांभीर्य जातं, असं त्यांचं मत होतं.

त्या वर्षी एक जुनी भयकादंबरी लागली होती. एक विद्वान तरुण प्रेतांचे अवयव जोडून माणूस तयार करतो, त्यानं डोळे उघडताच घाबरून पळून जातो आणि टाकून दिलेला तो जीव पुढे खून करत सुटतो.

सरांच्या घरातही तेव्हा एक नवा जीव आला होता. मुलगी चार महिन्यांची झाली तरी तिचं बारसं झालं नव्हतं. सरांना तालुक्यात कुणाचंच नसेल असं नाव हवं होतं, म्हणून ते संस्कृत कोश चाळत बसले होते. सरांच्या पत्नीनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, सुचवलेलं प्रत्येक नाव 'सामान्य' ठरून बाद होई. शेजारणी विचारत, "काय ठेवलं नाव?" वहिनी "बघू" म्हणून पाळण्याकडे वळत. मुलीला घरात नुसतं 'ए' म्हणत.

त्या रविवारी प्रश्न होता, खरा दोषी कोण?

"राक्षस," मी म्हणालो. "खून त्यानंच केले ना, सर?"

सरांनी कोटाची बटणं लावली. म्हणजे आता व्याख्यान.

"चूक! तो जन्मतः दुष्ट नव्हता. ज्यानं त्याला जगात आणलं, त्यानं त्याला साधं नावसुद्धा दिलं नाही. अख्ख्या कादंबरीत त्याला नाव नाही! नैतिक अधःपतन सुरू होतं ते तिथं!"

अकोले तालुक्यातला आमचा मित्र चरकला. "म्हंजी बारसंच न्हाई केलं, सर?"

"नाही केलं!" सर गरजले.

"का नाही केलं म्हणे?"

हा आवाज दारातून आला. वहिनी चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या.

"अं?" सर म्हणाले.

"एवढा शिकलेला माणूस. नाव सुचत नव्हतं का त्याला?"

आम्ही सगळ्यांनी पुस्तकात डोकी घातली. एरवी सरांनी सांगूनही घालत नसू.

"तो... शोधात असेल."

"आणि तोवर लेकराला हाक कशी मारायची?"

आत मुलगी रडायला लागली. "उठलं बघा तुमचं बिननावाचं," म्हणत वहिनींनी ट्रे सरांच्याच हातात दिला.

त्याच आठवड्यात बारसं ठरलं. आम्हालाही बोलावणं होतं. नाव ठेवायला सरांची बहीण शिर्डीहून आली. सरांनी कोशातलं एक लांबलचक नाव तिच्याकडून घोकून घेतलं. आत्या पाळण्यावर वाकली, बाळाच्या कानात कुजबुजली, बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले. ती उठली आणि तिनं खणखणीत आवाजात नाव सांगितलं. वहिनींनी सगळ्यात आधी सुचवलेलं. त्या नावाच्या आमच्या वर्गातच दोघी होत्या.

सरांनी तोंड उघडलं. पण आत्यानं कानात सांगितलेलं नाव कुणी परत घेत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. तेवढ्यात कुणीतरी त्यांच्या हातावर घुगऱ्या ठेवल्या, त्या त्यांनी मुकाट्यानं खाल्ल्या.

वहिनींनी वाकून मुलीला नावानं हाक मारली. एकदा, मग पुन्हा. मुलीनं जांभई दिली.

थोड्या वेळानं सरांनी कोट काढून खुर्चीवर टाकला, ते पाळण्याशी गेले आणि इकडेतिकडे बघत त्यांनी ते सामान्य नाव स्वतः हळूच उच्चारून पाहिलं.