महेशचा रिपोर्ट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, महेशला नाही – आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. भित्र्या माणसांना असाच श्रोता सोयीचा पडतो.

मी ठाण्यातल्या एका लॅबमध्ये काम करते. रक्तातल्या पेशी तीन दिवस वाढवायच्या, त्या एकीच्या दोन व्हायच्या बेतात आल्या की औषध घालून तिथेच थांबवायच्या, मग काचपट्टीवर थेंब सोडायचा. पेशी फुटते, गुणसूत्रं पसरतात, आणि आम्ही त्यांच्या जोड्या लावत बसतो. घरात मला 'अर्धी डॉक्टर' म्हणतात. कोपरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाला साधा ताप आला तरी रिपोर्ट आधी माझ्याकडे येतो. मला ते आवडायचं – खोटं कशाला बोलू?

महेश माझा धाकटा भाऊ. वैशाली त्याची बायको, माहेर शहाडचं. तिची तीन बाळं लागोपाठ पोटातच गेली. तेव्हा मीच पुढे होऊन म्हटलं, दोघांचं रक्त द्या, मी बघते.

वैशालीचा रिपोर्ट स्वच्छ आला. महेशचा –

थांबा, आधी नीट समजावते. समजा, दोन वह्यांची शेवटची पानं चुकून एकमेकींत शिवली गेली. दोन्ही वह्या एकत्र आहेत तोवर एक अक्षरही हरवलेलं नसतं. महेशची दोन गुणसूत्रं तशी होती. अंगातली साधी पेशी दुसरी पेशी बनवताना सगळ्या वह्या जशाच्या तशा उतरवून काढते. म्हणून मी तपासलेल्या वीसच्या वीस पेशींत तीच अदलाबदल होती, आणि तरी महेश ठणठणीत. पण पुरुषबीज बनताना वाटणी होते. प्रत्येक वहीला एक जोडीदार असते; त्या जोडीतली एकच वही पुढे जाते, कुठली ते कुणाच्या हातात नाही. पानं चुकलेल्या त्या दोन वह्यांतली एकच गेली, की बाळाला काही पानं कमी आणि काही दोनदा मिळतात. अशी बाळं बहुतेक टिकत नाहीत.

पण वाटणी कधीकधी बरोबरही पडते. म्हणजे त्यांना मूल होऊ शकत होतं! आमच्या डॉक्टर म्हणाल्या, "दोघांना घेऊन ये, मार्ग आहेत." मी हो म्हटलं.

आणि घरी येऊन सांगितलं – दोघांचेही नॉर्मल आहेत.

का? आई दारातच उभी होती. "माझ्या महेशचं ठीक आहे ना गं?" एवढंच तिने विचारलं. बाबा गेल्यावर महेशला मीच वाढवलं... नको, ते राहू दे, ते सांगून मी सूट मागतेय असं होईल. माझ्या भावात काही खोट आहे हे मला माझ्या तोंडाने म्हणायचं नव्हतं. उद्या सांगू, असं मनाशी म्हटलं आणि रिपोर्ट कपाटात साड्यांखाली ठेवला. तो अजून तिथेच आहे.

मग आई म्हणायला लागली, "दोघं नॉर्मल, मग पोर का टिकत नाही? हिचंच अंग धरत नाही." महेश गप्प बसायचा, पण त्याला काही माहीतच नव्हतं. मला माहीत होतं. चौथं बाळ गेलं तेव्हाही मी गप्प होते – हॉस्पिटलात तिच्या केसांवरून हात फिरवत गप्प होते. वैशाली माहेरी गेली. मग वकील झाले, सह्या झाल्या.

सह्या झाल्यावर महिन्याभराने ती लॅबमध्ये आली. शहाडहून, एकटीच. म्हणाली, "ताई, माझं रक्त परत एकदा बघाल? पहिल्या वेळी काहीतरी सुटलं असेल. माझ्यात काय आहे ते निदान मला तरी कळू दे."

तेव्हा सांगता आलं असतं. खोलीत आम्ही दोघीच होतो, दार लावलेलं होतं. तिने तर बाही वरही केली होती. मी काय केलं? मी तिच्या दंडाला पट्टा बांधला.

पहिल्यांदा सुई चुकली, दुसऱ्यांदाही चुकली. कोपराशी रक्त साकळलं. माझं तोंड बघून तीच मला समजावायला लागली, "असू दे हो ताई, माझ्या शिराच वाईट आहेत."

शीर अगदी वर होती, ठसठशीत, हिरवी. कुणीही डोळे मिटून टोचावं अशी.

मी म्हटलं, "हो गं, असतात काहींच्या."