परागंदा

विष्णुपंतांना शब्दांचा भारी नाद. तुळजापूरच्या पुजाऱ्यांच्या घरात जन्मलेला हा माणूस निजामाच्या अमलात उर्दू शिकला, आणि अशी शिकला की कचेरीतले जुने मुन्शीसुद्धा अडलेला शब्द त्यांनाच विचारायचे. संस्थान गेलं, दप्तर मराठीत आलं, तेव्हा उस्मानाबादच्या कचेरीत उर्दू कागदांची मराठी करायचं काम आपसूक त्यांच्याकडं आलं. शब्द चपखल बसला की स्वारी खुशीत येऊन चिमूटभर तपकीर ओढायची.

बावन्न साली त्या कागदांत एक यादी निघाली, अठ्ठेचाळीसच्या भाद्रपदातली. तेव्हा हिंदुस्थानची फौज रणगाडे घेऊन आली आणि त्या स्वारीला नाव पडलं पोलीस ॲक्शन. त्यानंतरच्या आठ दिवसांत तेरणा नदीकाठच्या एका गावात तेरा मुसलमान मारून विहिरीत टाकले होते. रझाकारांच्या पापाचा सूड, असं मारणारे म्हणाले. त्या तेरा जणांत एकही रझाकार नव्हता. पंचनाम्याला कारकून म्हणून विष्णुपंतच गेले होते आणि प्रत्येक नावापुढं त्यांनीच 'मक्तूल' लिहिलं होतं, म्हणजे खून झालेला. सातवं नाव दस्तगीर पिंजाऱ्याचं. पंतांच्या घरच्या गाद्या तोच पिंजून द्यायचा, त्यामुळं ओळख पटवायला त्यांना कुणाला विचारावं लागलं नाही.

वरचे साहेब म्हणाले, "पंत, मक्तूल म्हटलं की कुणी मारलं ते विचारतात. गाव आपलं, माणसं आपली. जरा सौम्य काहीतरी लिहा."

पंतांनी दोन दिवस टाळाटाळ केली. तिसऱ्या दिवशी शब्द सुचला: परागंदा. मराठीत म्हणजे गाव सोडून गेलेला. पण मूळ फारसीत परागंदा म्हणजे विखुरलेला. विहिरीतून वर काढलेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. विखुरलेला म्हणणं काही खोटं नव्हतं. मनाची अशी समजूत घालून त्यांनी तेरा वेळा तो शब्द लिहिला. साहेबांनी पाठ थोपटली. तपकिरीची डबी मात्र त्या दिवशी उघडली नाही.

दस्तगीरची बायको मदारबी त्या भाद्रपदात आजारी आईजवळ उमरग्याला होती. परतली तेव्हा विहीर बुजवलेली आणि गाव मुकं. मेला असेल, असं धरून ती चार वर्षं रडत राहिली. मग कुणीतरी सरकारी यादीची नक्कल तिला वाचून दाखवली आणि तिचं रडणं थांबलं. त्या सालापासून दरवर्षी ती कचेरीत यायची.

"पंत, परागंदा लिवलंय न्हवं? मंग कुटं गेला त्येबी लिवलं असंल की."

"तेवढंच लिहिलंय, बाई."

"कराचीला गेला म्हंत्यात. तितं दुसरी केली म्हंत्यात."

पंत कागद चाळल्यासारखं करायचे. तिच्या गळ्यातल्या काळ्या पोतीकडं बघायचं टाळायचे. ती गेली की दिवसभर त्यांच्या हातून एक ओळ धड उतरायची नाही.

पंतांच्या घरातही एक जण गेला होता. त्यांचा धाकटा भाऊ बाबूराव याला रझाकारांनी शेताच्या बांधावर गोळी घातली होती. जिल्ह्यातले एक पुढारी दर सभेत बाबूरावांचं मरण सांगायचे. पहिल्या वर्षी एक गोळी होती. पुढच्या वर्षी झाडाला बांधून मारलं, त्याच्या पुढच्या वर्षी जीभ छाटली. पंत शेजारी हार घालून बसायचे आणि मनात म्हणायचे, अहो, एक गोळी माझ्या आईला जन्मभर रडायला पुरली होती, तुम्हाला का पुरत नाही?

बासष्टच्या निवडणुकीत तेर गावात सभा झाली. पुढारी बाबूरावांवरून थेट मतांवर आले आणि आवाज चढवून म्हणाले, "आमचे मेले! त्यांचा कोण मेला? सरकारी दप्तर बघा! एकेका नावापुढं काय लिहिलंय? परागंदा! चालत्या पायांनी पळाले!"

टाळ्या पडल्या. मागं बायकांत मदारबी बसली होती, मान खाली घालून, जणू पळून गेलेल्याची बायको म्हणून सगळे तिलाच बघत होते. पंतांनी हार काढला, खुर्चीवर ठेवला आणि चपला न घालताच खाली उतरले. तिला हाक मारून मांडवामागं नेलं.

"मदारबी, दस्तगीर कुठं गेला नाही. तो विहिरीत होता. मी पाहिलाय. परागंदा मी लिहिलं."

ती अंगावर येईल, थुंकेल, असं त्यांना वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"कवा?" तिनं विचारलं.

"पितरपाठात. तू यायच्या आधीच."

"म्हंजी मला टाकून न्हाय गेला त्यो?"

"नाही गं."

ती तिथंच मातीत बसली. मांडवातून पुन्हा टाळ्या ऐकू आल्या. मग ती बोलली, पंतांशी नव्हे, मातीशी बोलल्यासारखी.

"धा वर्सं रोज नमाज झाली की म्या त्येला शिव्या दिल्या. जितं असशील तितं कुत्र्याच्या मौतीनं मर, म्हनलं. त्यो बिचारा हितंच व्हता. आता त्या शिव्या म्या म्हागारी कशा घिऊ?"