घरामागचे एकोणीस शराटी

कुंभारीला आमच्या घरामागे सांडपाण्याचं डबकं साचतं. ते बुजवावं म्हणून मी तीन वर्षांत पाच अर्ज दिले. पाचांच्याही पोचपावत्या जपून ठेवल्या आहेत. दर हिवाळ्यात मात्र मी वही घेऊन बारा किलोमीटरवरच्या तळ्यावर शराटी मोजायला जातो. पांढरं अंग, काळं डोकं, आणि चिखलात खुपसायला लांब वाकडी चोच. यंदा तळ्याचा काठ दगडांनी बांधून काढलेला. चिखल नाही, म्हणून शराटी शून्य. घरी आलो तर बायको गच्चीतून म्हणाली, "अहो, तुमचे पाहुणे आपल्या डबक्यात उतरलेत की!" मी दोनदा मोजले. एकोणीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुरमाचा ट्रॅक्टर आला. मी चालकाला म्हटलं, "आठ दिवस थांबा ना. पक्षी आलेत."

"बुजवायचा अर्ज तुमीच दिला न्हवं?"

"हो. पाच दिले."

"मग थांबायचा बी एक द्या की."

मी सहावा अर्ज लिहायला बसलो. आधीच्या पाचांत मीच लिहिलं होतं, 'सदर डबक्याचा कोणासही काहीही उपयोग नाही.' ते कसं खोडावं हे सुचेपर्यंत मुरमाची पहिली खेप पडली. वहीत तळ्याच्या शून्याखाली घरामागचं शून्य लिहिलं.