स्वच्छ रिपोर्ट

"रिपोर्टमध्ये काहीच निघालं नाही, दाजी. ताईच्या गोळ्या आता बंद करा." लासलगावचे माझे मेहुणे हे वाक्य घरी येणाऱ्या प्रत्येकासमोर मला ऐकवतात. वर हसून जोडतात, "तुमच्याबरोबर चाळीस वर्षं काढली की कोणीही गप्प होईल."

माझा स्वभाव तापट आहे, हे मी नाकारत नाही. पण ज्यांनी उभ्या जन्मात कांद्याखेरीज काही पारखले नाही, त्यांनी माझ्या पत्नीचा मेंदू पारखू नये. नैराश्याने तिला तिसऱ्यांदा गाठले, तेव्हा नाशिकच्या डॉक्टरांनी एमआरआय करवला, तो गाठ वगैरे नाही ना, एवढेच पाहण्यासाठी. त्यांनीच मला समजावले: पहिल्यांदा आजारी पडलेल्या आणि वारंवार पडलेल्या अनेकांच्या मेंदूंची चित्रे ताडून पाहिली, तर सरासरीत थोडा फरक दिसतो, पण एका माणसाच्या चित्रावरून हा आजार ओळखता येत नाही. मेहुण्यांना हे पटत नाही. त्यांना डोळ्यांना दिसणारा डाग हवा आहे.

एमआरआयच्या दिवशी ते तिथे नव्हते, मी होतो. लिफ्टचे दार बंद झाले की जीव गुदमरतो म्हणून आयुष्यभर जिने चढलेल्या माझ्या पत्नीला त्या अरुंद, धडधडणाऱ्या नळीत अर्धा तास निजवले होते. तपासणी संपल्यावर तंत्रज्ञ म्हणाले, "झालं आजी, बाहेर घेतो तुम्हाला."

ती म्हणाली, "अजून थोडा वेळ इथंच राहू द्या मला."