कुहीच्या रस्त्यावरची सल्लागार बैठक

नागपूरच्या फलाटावर उतरले तेव्हा सकाळचे सात वाजले होते. जानेवारीतली थंडी होती आणि माझ्या पिशवीत आमच्या मराठी पुस्तिकेचे वीस अंक होते. पुण्याहून ते ओझे आणले, कारण त्याच दिवशी त्या पुस्तिकेचे काय करायचे ते ठरणार होते.

आमचे अभ्यासकेंद्र लहान आहे. शेजारी देश, परराष्ट्र व्यापार, समुद्री सीमा अशा विषयांवर आम्ही टिपणे काढतो. कोणता विषय घ्यायचा आणि काय म्हणायचे, याची दिशा दोनच जणांचे सल्लागार मंडळ देते. त्यातल्या डॉ. मंजिरी चितळे व्यापार करारांच्या जाणकार. मराठी पुस्तिका बंद करून सगळे इंग्रजीतच काढावे, असे त्यांनी सुचवले होते. निर्णय घेणारे इंग्रजी वाचतात, हे त्यांचे म्हणणे. मी नऊ वर्षे ती पुस्तिका संपादित करते आहे. अध्यक्ष मुठाळसाहेब निवृत्त राजदूत. वय ऐंशीच्या पुढे, लांबचा प्रवास झेपत नाही, म्हणून यंदाची बैठक त्यांच्या धरमपेठेतल्या घरी.

साहेबांनी आधी मला आणि चितळेबाईंना कोपऱ्यावरच्या गाडीवर तर्रीपोहे (पोह्यांवर चण्याचा झणझणीत रस्सा) खायला नेले. दुसऱ्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आले. त्यांनी मात्र शांतपणे दुसरी प्लेट मागवली. पोहे संपता संपता साहेबांनी बैठकीची वेळच बदलली. विषयपत्रिकेवर पहिले टिपण मिरचीच्या निर्यातीवर होते. मिरची न बघता तिच्यावर मत देणे त्यांना बरे वाटेना. मिरचीसाठी नावाजलेले भिवापूर काही फार लांब नाही, म्हणाले, दुपारपर्यंत परत येऊ.

त्यांचे बालपण कुहीकडचे, म्हणून गाडी त्या बाजूने घ्यायला लावली. शहर मागे पडले आणि दोन्हीकडे धानाच्या कापलेल्या बांध्या (बांधांनी वेढलेली भातशेती) सुरू झाल्या. साहेब खिडकीतून एकेक तळे ओळखत होते. कुही ओलांडून थोडे पुढे गेलो आणि गाडी एका बाजूला ओढू लागली.

"काहून गा, काय झालं?" साहेबांनी चालकाला विचारले. काहून म्हणजे का. चाक पंक्चर झाले होते आणि जादा चाकातही हवा नव्हती. चालक एका मोटारसायकलवाल्याच्या मागे ते चाक घेऊन कुहीला गेला. आम्ही तिघे रस्त्यावर उभे.

समोरच्या अंगणात ताडपत्रीवर मिरची वाळत होती. जाड, आखूड, गडद लाल. वास नाकात गेला तशी मी तीनदा शिंकले आणि आतून एक बाई बाहेर आल्या. ललिताबाई मेश्राम. पन्नाशीच्या असाव्यात. साहेब कुहीचे आहेत असे कळल्यावर त्यांनी आम्हाला उन्हात उभे राहूच दिले नाही. झुणका-भाकर पुढे आली. "वरून सांबार टाकू का?" त्यांनी विचारले. झुणक्यावर सांबार नको, असे चितळेबाई घाईघाईने म्हणाल्या. सांबार म्हणजे इकडे कोथिंबीर. साहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला.

आम्ही कोण, हे साहेबांनी सांगितले. परदेशांशी आपले संबंध कसे असावेत, यावर सल्ला देणारी माणसे. ललिताबाईंनी ते नीट ऐकून घेतले, घरात गेल्या आणि घड्या पडलेला एक कागद घेऊन आल्या. गावातल्या बाराजणींनी मिळून युरोपातल्या एका मसाला कंपनीला मिरचीचा नमुना पाठवला होता. उत्तर इंग्रजीत आले. भाच्याने वाचून सांगितले की माल नापास झाला. तेव्हापासून तो कागद डब्यात पडून होता.

चितळेबाईंनी पत्र दोनदा वाचले.

"नापास नाही केला," त्या म्हणाल्या. "दुसरा नमुना मागितलाय. अजून दहा दिवस आहेत."

दुसरा नमुना कसा पाहिजे, ते ललिताबाईंनी लगेच विचारले. मग चितळेबाई समजावू लागल्या, आर्द्रतेचे प्रमाण, अनुपालन, शोधक्षमता. ललिताबाई मान हलवत होत्या, पण चेहरा कोराच होता. आता माझी पाळी, असे मला वाटले. आमच्या गेल्या अंकात नेमका निर्यातीच्या नियमांवर लेख होता. मी पिशवीतून अंक काढून मोठ्या ऐटीत त्यांच्या हातात दिला. त्यांनी पहिला परिच्छेद बोट फिरवत मोठ्याने वाचला, थांबल्या, पुन्हा वाचला.

"हे मराठीच आहे का जी?" त्यांनी विचारले. "मले तं काहीच समजून नाही राहिलं."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. म्हणूनच माझे कान तापले. तो लेख मीच तपासला होता.

पुढचा तासभर आम्ही अंगणातच बसलो. चितळेबाई एकेक अट सांगत, ललिताबाई त्यावर प्रश्न विचारत आणि प्रश्न सुटला की मी ती अट त्यांच्याच शब्दांत कागदावर उतरवत होते. मिरची जमिनीला टेकू द्यायची नाही, जाळीच्या माचीवर वाळवायची. कोणत्या शेतातली, कधी तोडली, ते पोत्यावर लिहायचे. बुरशीची एकही मिरची आत नको. शेवटी ललिताबाईंनी तो कागद सलग वाचून दाखवला, कुठेही न अडखळता. साहेब डोळे मिटून ऐकत होते.

चाक आले. भिवापूर राहूनच गेले. परतीच्या वाटेवर गाडीतच बैठक झाली. आपला प्रस्ताव मागे घेते, असे चितळेबाई म्हणाल्या. पण मला हायसे वाटण्याआधीच त्यांनी पुढचे सांगितले, की ही पुस्तिका आहे तशीही उपयोगाची नाही.

"पुस्तिका चालू राहील," साहेब म्हणाले. "पण छापायच्या आधी प्रत्येक लेख कोणाला तरी वाचून दाखवायचा. समजला नाही, तर छापायचा नाही. तीस वर्षं मी दिल्लीला अहवाल पाठवले. वाचताना माणूस कुठे अडखळतो, ते आज पहिल्यांदा पाहिलं."

संध्याकाळी पुण्याच्या रेल्वेगाडीत बसले तेव्हा पिशवीत संत्रा बर्फीचा डबा होता आणि ललिताबाईंनी बळेच दिलेली मूठभर मिरची. त्यांचा नमुना पसंत पडेल की नाही, कोण जाणे. सल्ला देणाऱ्याच्या हाती तेवढे नसते. आपला शब्द समोरच्यापर्यंत पोचला का, एवढे मात्र त्याला पाहता येते, आणि ते मी नऊ वर्षांत एकदाही पाहिले नव्हते.

पुढच्या अंकाचा पहिला लेख उघडला. पहिलेच वाक्य पाच ओळींचे होते. वर्धा येईपर्यंत त्याची तीन वाक्ये झाली. बडनेऱ्याला मी अजून पहिल्याच पानावर होते आणि शेजारच्या आजींना ते हळूच वाचून दाखवत होते.